माशांच्या टाकीखालील गाळणटाकी : आवाज न करणारी रचना

घरात काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस एके काळी मोठ्या शहरांपुरतीच होती. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा खेड्यातून आलेली मंडळी तेथील मासे एक नवल म्हणून पाहून जात. आता शोभिवंत माशांची दुकाने तालुक्याच्या गावीही दिसतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश झाला आणि या मासळीकडे जोडधंदा म्हणून पाहणारी शेतकरी कुटुंबेही पुढे येऊ लागली. गप्पी मासा तर खेड्याला मुळीच नवा नाही. तो डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी वर्षानुवर्षे तो डबक्यांत व हौदांत सोडीत आले आहेत.

पिल्ले परसातील सिमेंटच्या हौदात वाढविता येतात. परंतु पैदाशीसाठी निवडलेल्या मोलाच्या जोड्या, विशेषतः एंजलसारख्या माशांच्या, डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या म्हणून बहुधा घरातच ठेवल्या जातात. त्यासाठी तीन फूट किंवा त्याहून मोठी टाकी लागते, आणि एवढ्या टाकीचे पाणी स्वच्छ राखण्याची उत्तम सोय म्हणजे टाकीखाली दुसरी लहान टाकी ठेवून तिच्यातून पाणी सतत फिरविणे. दुकानदार हिला 'सम्प' म्हणतात. आपण गाळणटाकी म्हणू. टाकी साठ-सत्तर लिटरांहून लहान असेल तर एवढा खटाटोप करू नये; हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची साधी गाळणी तेथे पुरेशी होते.

गाळणटाकीविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कानी येणारी पहिली तक्रार खर्चाची नसते, आवाजाची असते. पाणी खाली उतरताना नळी गुळगुळते, मध्येच घशात अडकल्यासारखा आवाज करून एकदम ओढ घेते, खालच्या टाकीत धार पडते आणि पंप लाकडी घडवंचीला घरघर करावयास लावतो. दिवसा हे कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री दोन खोल्यांच्या घरात मात्र ते असह्य होते, आणि मग घरातील कोणीतरी उठून बटण बंद करते. आमच्या पाहण्यातील एका घरी दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाची झोप मोडू नये म्हणून आठवडाभर रोज रात्री पंप बंद ठेवण्यात आला. आठव्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले व दुपारपर्यंत एंजलच्या दोन जोड्या दगावल्या. त्या जोड्या वाढविण्यात त्या बाईंचे सुमारे वर्ष गेले होते. गाळणी शांत असणे ही चैनीची बाब नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. जी गाळणी झोपू देत नाही ती रात्री बंद होणार, आणि बंद पडलेली गाळणी मासे मारणार.

गाळणटाकीत नेमके काय घडते?

गाळणी म्हणजे घाण अडविणारे फडके, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो डोळ्यांना दिसत नाही व कोणत्याही फडक्याने अडत नाही. पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका तो माशांना अधिक घातक. त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइट हाही विषारीच. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी.

हे काम शेतकऱ्याला परके नाही. शेतात घातलेल्या युरियापासून पिकाला उचलता येईल असा नायट्रेट तयार होतो, तो याच जातीच्या जिवाणूंमुळे. १८७७ साली श्लोसिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू व चुनखडी भरलेल्या नळकांड्यातून हळूहळू झिरपविले. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट मिळू लागले. नळकांड्यात क्लोरोफॉर्म सोडताच ही क्रिया थांबली, व नंतर थोडी माती कालविलेले पाणी ओतताच ती पुन्हा सुरू झाली. यावरून हे काम सजीवांचे आहे हे ठरले. पुढे १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे केले. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकटाच पार पाडणारा जिवाणूही असतो, हे तर २०१५ साली उजेडात आले. माशांच्या टाकीखालची गाळणटाकी ही त्या जुन्या नळकांड्याचीच घरगुती आवृत्ती होय.

या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. पंप थांबला की गाळणसाहित्यातील प्राणवायू हळूहळू संपतो, जिवाणू दुबळे होतात, मरू लागतात व साचलेला मळ कुजू लागतो. गाळणटाकी उघडी असल्याने बंद डब्याच्या गाळणीपेक्षा हा बिघाड सावकाश होतो; परंतु रोज रात्री सात-आठ तास पंप बंद राहिला तर तो झाल्यावाचून राहत नाही. सकाळी पंप सुरू होताच तेच नासके पाणी वर चढते. त्यातच रात्र ही सर्वांत वाईट वेळ. टाकीतील वनस्पती रात्री प्राणवायू सोडीत नाहीत, उलट वापरतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन धापा टाकताना पाहिलेले आहेत. काचेच्या टाकीत तोच प्रकार लहान प्रमाणावर घडतो.

सांडवा, विमोचक आणि दुसरी नळी

आता रचनेकडे वळू. मोजमापे समोर असली म्हणजे विवेचन सोपे जाते, म्हणून वरची टाकी ९० सें. मी. लांब, ३८ सें. मी. रुंद व ४५ सें. मी. उंच धरू, आणि खालची गाळणटाकी ६० सें. मी. लांब, ३० सें. मी. रुंद व तितकीच उंच.

वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेच्या पट्ट्या चिकटवून सुमारे १५ सें. मी. लांब व १२ सें. मी. रुंद असा उभा कप्पा करावा. कप्प्याची वरची कड दातेरी ठेवावी. हाच आपला सांडवा. टाकीतील पाणी या कडेपर्यंत चढते आणि पृष्ठभागावरील तवंगासह कप्प्यात उतरते. सांडव्याची कड टाकीच्या काठापासून ३ सें. मी. खाली असावी. पिल्ले असतील तेथे दात्यांवर स्पंजाची पट्टी बसवावी, नाही तर ती पाण्याबरोबर खाली जातात.

कप्प्याच्या तळाशी दोन भोके पाडून टँक निपल बसवावेत व त्यांत २५ मि. मी. च्या दोन नळ्या उभ्या कराव्यात. भोके काचवाल्याकडून हिऱ्याच्या कटरने पाडून घ्यावीत. काच टफन्ड असेल तर भोक पाडण्याचा विचारही करू नये. ती एका क्षणात चुरा होते. भोक न पाडता काठावरून वाकड्या नळीने पाणी उपसणारे डबे बाजारात मिळतात, पण आम्ही त्यांची शिफारस करीत नाही. त्या वाकड्या नळीत हवा साचून ओढ तुटली की खालचा पंप वरच्या टाकीत पाणी ओतीतच राहतो.

आवाजाचे मूळ नळीत आहे, व तेथेच त्याचा उपाय आहे. एकाच उघड्या नळीतून पाणी सोडले की पाण्याबरोबर हवाही खाली जाते. पाणी आणि हवा एकाच वाटेने निघाली म्हणजे गुळगुळ होणारच. नळीच्या माथ्यावर खाली वळलेले तोंड व हवेसाठी बारीक भोक ठेवण्याची एक पद्धत आहे. शौकीन लोक तिला 'डर्सो' म्हणतात. तिने आवाज कमी होतो, पण जात नाही. पूर्ण शांतता हवी असेल तर हवेला नळीत शिरूच देता कामा नये.

यासाठी दोन नळ्यांची कामे वेगळी करावी लागतात. पाझर तलावाला किंवा धरणाला विमोचक वेगळा व सांडवा वेगळा असतो, तसेच हे आहे. पहिली नळी विमोचकाची. तिचे तोंड कप्प्यातील पाण्यात चांगले बुडालेले असावे व खाली हाताशी येईल अशा जागी तिला गेट व्हॉल्व बसवावा. ही नळी नेहमी पाण्याने पूर्ण भरून वाहते, म्हणून ती बोलत नाही. दुसरी नळी संकटकाळची. तिचे तोंड पहिलीच्या तोंडापेक्षा १५ सें. मी. वर आणि सांडव्याच्या कडेपेक्षा ६ सें. मी. खाली असावे. तिला कोणताही व्हॉल्व बसवू नये. पहिल्या नळीत शेवाळ, गोगलगाय किंवा पान अडकले तर सारे पाणी या दुसऱ्या नळीने सुखरूप उतरते. मात्र तेव्हा ती गुळगुळते. हा आवाज दोष समजू नये. पहिली नळी साफ करावी, असा तो निरोप आहे.

बॉल व्हॉल्व स्वस्त मिळतो, म्हणून तो बसविण्याचा मोह होतो. परंतु त्याची मूठ पाव फेऱ्यात पूर्ण उघडते व पूर्ण बंद होते. त्यात बारीक फरक करता येत नाही. गेट व्हॉल्वचे चाक बरेच फेरे घेते, म्हणून एखाद्या धारेइतकाही फरक साधता येतो. येथे शे-दोनशे रुपये वाचवू नयेत.

पंप सुरू केल्यावर गेट व्हॉल्व पूर्ण उघडा ठेवावा. नळी थोडा वेळ ओरडेल. मग चाक अगदी सावकाश आवळीत जावे. कप्प्यातील पाणी चढू लागेल, नळीतील हवा निघून जाईल आणि आवाज अकस्मात थांबेल. पाणी दुसऱ्या नळीच्या तोंडाशी येऊन तिच्यातून करंगळीपेक्षाही बारीक धार नळीच्या आतल्या अंगाने ओघळू लागली की चाक तेथेच सोडावे. दहा मिनिटे थांबून पाहावे, गरज पडल्यास किंचित हलवावे. कप्प्यातील पाणी सांडव्याच्या कडेपासून पाच-सहा सें. मी. च खाली राहिल्याने वरून पडणाऱ्या पाण्याचाही आवाज होत नाही. पहिले काही दिवस हे एकदोनदा जुळवावे लागते, पुढे क्वचित.

नळ्यांची खालची टोके गाळणटाकीच्या पाण्यात बुडालेली हवीत, पण दोन-अडीच सें. मी. इतकीच. टोक पाण्याच्या वर राहिले तर धार वाजते. फार खोल गेले तर नळीतील हवा बाहेर पडत नाही व वीज आल्यावर पहिली नळी पुन्हा भरून वाहण्यास अडखळते.

गाळणटाकीचे कप्पे आणि पाण्याचा हिशेब

गाळणटाकीचे तीन कप्पे करावेत. पहिला १५ सें. मी. चा, त्यात स्पंज किंवा गाळणीची लोकर ठेवावी व दिसणारा मळ येथेच अडवावा. दुसरा ३० सें. मी. चा, हे जिवाणूंचे घर. यासाठी चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या मिळतात. त्या परवडत नसतील तर भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या भराव्यात, मात्र साबण लावलेल्या किंवा तारेच्या नकोत. चांगल्या भाजलेल्या कौलांचे स्वच्छ धुतलेले तुकडेही चालतात. दगड वापरायचा असेल तर त्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर त्यात चुना आहे व तो पाणी जड करील. तिसरा कप्पा १५ सें. मी. चा, पंपासाठी. पहिल्या दोन कप्प्यांतील पाणी २० सें. मी. वर आणि तिसऱ्यातील १७ सें. मी. वर राहील अशा बेताने आडव्या काचा बसवाव्यात. पाणी तिसऱ्या कप्प्यात उतरते तेथे स्पंजाची तिरपी पट्टी लावावी, म्हणजे ते पडत नाही, घसरते.

वीज गेल्यावर काय होईल याचा हिशेब टाकी मांडण्यापूर्वी करावा. ग्रामीण भागात वीज जाणार हे धरूनच चालले पाहिजे. पंप थांबला की पाणी वर नेणारी नळी उलटी ओढ घेते व वरच्या टाकीतील पाणी खाली येऊ लागते. तिचे तोंड खोल बुडालेले असेल तर अर्धी टाकी घरभर होईल. म्हणून या नळीला पाण्याच्या पातळीखाली अगदी जवळ ३ मि. मी. चे भोक पाडावे. पातळी भोकापर्यंत उतरताच नळी हवा घेते व ओढ तुटते. आपल्या टाकीत पातळी अडीच सें. मी. उतरली तर सुमारे साडेआठ लिटर पाणी खाली येते. कोपऱ्यातील कप्प्याचे सुमारे तीन लिटर व नळ्यांतील एक लिटर धरून साडेबारा लिटर झाले. गाळणटाकीत प्रत्येक सें. मी. उंचीला १.८ लिटर मावते. वरची १० सें. मी. मोकळी असल्याने १८ लिटरांची जागा आहे. हिशेब जमला. भोक शेवाळाने बुजत नाही ना, हे मात्र दर आठवड्याला काडी घालून पाहावे.

उलट संकटाचाही हिशेब करावा. दोन्ही नळ्या तुंबल्या असे समजा. पंप तिसऱ्या कप्प्यातील पाणी तेवढे वर चढवील, म्हणजे साडेसात लिटर. त्याने वरच्या टाकीची पातळी सुमारे सव्वादोन सें. मी. वाढते, आणि आपण ३ सें. मी. मोकळी ठेवली आहे. हा कप्पा लहान ठेवण्याचे कारण हेच. पाणी भरून झाल्यावर, मासे सोडण्यापूर्वी, मुख्य बटण तीन-चार वेळा बंद-चालू करून दोन्ही टाक्यांजवळ उभे राहून पाहावे.

पंप

विहिरीवर मोटार बसविताना शेतकरी उंची पाहतो. येथेही तीच पाहावी. पंपाच्या खोक्यावर लिहिलेले लिटर हे पाणी मुळीच न चढविता मिळणारे असतात. पाणी सव्वा मीटर चढवायचे असेल तर १,२०० ते १,५०० लिटरांचा, किमान दोन मीटरपर्यंत चढविणारा पंप घ्यावा. प्रत्यक्षात तासाला ६०० लिटर मिळाले तरी आपल्या टाकीचे पाणी चारहून अधिक वेळा फिरते, व तेवढे पुरे. मोजणे सोपे आहे : दहा लिटरांची बादली एका मिनिटात भरली पाहिजे. फार मोठा पंप घेतल्याने पाणी अधिक स्वच्छ होत नाही, आवाज मात्र वाढतो. २० वॉटचा पंप दिवसरात्र चालविला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट वीज लागते.

पंप काचेवर थेट ठेवू नये. खाली स्पंजाचा जाड तुकडा ठेवावा व तो बाजूच्या काचेला टेकू देऊ नये. पंपाच्या तोंडाशी वीतभर मऊ सिलिकॉनची नळी जोडून मग पी. व्ही. सी. ची नळी लावावी, म्हणजे थरथर वर जात नाही. तिसऱ्या कप्प्यातील पाणी बाष्पीभवनाने उतरले की पंप हवा ओढून घरघरतो. उन्हाळ्यात तेथे रोज पाणी घालावे लागते. विहिरीचे पाणी जड असेल तेथे पंपाच्या चाकावर क्षार बसतात व तो खडखडू लागतो. असे चाक लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात भिजवून, धुऊन बसवावे.

पाण्याजवळ वीज आहे हे विसरू नये. घरात गळतीची वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर असावा. तार बटणाकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बटणात जात नाही. पाण्यात हात घालताना बटण बंद करावे व काम संपताच चालू करावे. वीज बराच वेळ गेली तर सेलवर चालणारा लहान हवापंप वरच्या टाकीत सोडावा. तो नसेल तर अधूनमधून तांब्याने टाकीतील पाणी उंचावरून तिच्यातच सोडावे. वीज सहा-सात तासांनी आली तर पंप सुरू करण्यापूर्वी गाळणटाकीतील पाणी काढून टाकावे व नवे भरावे.

नवी गाळणटाकी पहिल्या दिवशी रिकामे घर असते. जिवाणूंची वस्ती पुरती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चार चिवट मासेच ठेवावेत व खाद्य कमी द्यावे. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतील गाळणसाहित्य ओंजळभर मिळाले तर हा काळ बराच कमी होतो. विरजण लावण्यासारखेच ते आहे. ग्रामपंचायतीने नळाच्या पाण्यात टी. सी. एल. पावडर टाकलेली असते. तिच्यातील क्लोरिन मासे व जिवाणू दोघांनाही मारतो. म्हणून असे पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवून मगच वापरावे, व दुसऱ्या कप्प्यातील साहित्य नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात ते हलकेच खळबळले म्हणजे झाले, आणि तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या कप्प्यातील स्पंज मात्र दर आठवड्याला पिळून काढावा.

नायट्रेट टाकीत साचत राहतो. तो कमी करण्यासाठी आठवड्याला टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी गटारात सोडू नये. त्यात पिकाला लागणारे नत्र असते, तेव्हा ते परसातील भाजीला किंवा तुळशीला घालावे. मासे आजारी असताना मीठ किंवा औषध घातले असेल तर ते पाणी मात्र झाडांना घालू नये.